घर घेतले आणि ऐब निघाला, तर?



पावसाळा संपला की आपल्याकडे घरांच्या व्यवहारांना जोर येतो. आखाती देशांतून सुट्टीवर आलेले मुलगे, जावई, भाऊ महिन्याभरात दोन-चार घरे बघतात, एक पसंत करतात, विसार देतात आणि परतीच्या विमानाआधी खरेदीखत उरकून घेतात. बघताना घर कोरडे असते, भिंतींना ताजा रंग असतो, छताला पांढरेशुभ्र पीओपी असते. घराचा खरा स्वभाव मात्र पुढच्या जून-जुलैत कळतो. तोपर्यंत पैसे गेलेले असतात आणि विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केलेले असते.

रायगड जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून फक्त हकिकत सांगते. पती चौदा वर्षे कुवेतमध्ये. व्याजाचे कर्ज नको म्हणून पैसा पैसा जमवला, शेवटी यांचे दागिनेही मोडले, आणि ३२ वर्षांच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट २८ लाखांना घेतला. विकणाऱ्याने सांगितले होते, "गच्चीचे वॉटरप्रूफिंग मागच्याच वर्षी केले आहे, एक थेंब गळत नाही." हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवले होते. पहिल्याच जुलैत स्वयंपाकघरातले पीओपी खाली आले. वर पाहिले तर स्लॅबच्या सळया गंजून फुगलेल्या. सोसायटीत चौकशी केली तेव्हा कळले की वर्षभरापूर्वी इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते, मोठी दुरुस्ती करायची असे सभेत ठरले होते आणि प्रत्येक घराने साडेतीन लाख भरायचे होते. त्या सभेच्या हजेरीवर विकणाऱ्याची सही आहे. भगिनी विचारतात, "आता आम्ही काय करू शकतो? नातेवाईक म्हणतात, नशीब म्हणून सोडून द्या."

नशिबावर आपला ईमान आहे. पण दुसऱ्याने जाणूनबुजून केलेल्या लपवाछपवीला नशीब म्हणायची गरज नाही. हक्क मागण्याचे मार्ग आहेत. मी वकील नाही, शिक्षिका आहे. तेव्हा इथे वाट दाखवता येईल, पण त्या वाटेवर चालताना कागद घेऊन वकिलाकडे जावेच लागेल. निदान जाताना काय विचारायचे हे तरी ठाऊक असावे.

घर कोणी विकले, हे आधी पाहा

आपल्याकडे 'घराची तक्रार' म्हटले की लोक लगेच 'महारेरा'चे नाव घेतात. सगळ्या घरांना ते लागू नाही. घर बिल्डरकडून, नोंदणी झालेल्या प्रकल्पात घेतले असेल तर २०१६ चा रेरा कायदा आणि त्याखालचे महारेरा प्राधिकरण हा मार्ग आहे. बिल्डर आपल्याला सेवा देतो, म्हणून ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पण एखाद्या कुटुंबाने आपले राहते घर विकले असेल, ज्याला आपण रिसेल म्हणतो, तर तो विकणारा बिल्डरही नाही आणि धंदा म्हणून सेवा देणाराही नाही. त्याच्याविरुद्ध महारेरा किंवा ग्राहक आयोग सहसा कामाचा नाही. तिथे दिवाणी न्यायालयच. चुकीच्या दारात एक-दोन वर्षे घालवून मग योग्य दार शोधायचे, असे बऱ्याच कुटुंबांचे होते, म्हणून ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचा मामला या दुसऱ्या प्रकारचा आहे.

कायदा काय म्हणतो

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा जुना असला तरी आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत, आणि पहिलेच कर्तव्य हे आहे की मालमत्तेत किंवा तिच्या मालकी हक्कात महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला तो कळण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते, असेही त्याच कलमात लिहिले आहे.

यातल्या 'साधारण काळजी' या शब्दांवर बरेच काही अवलंबून आहे. भिंतीला उघडी भेग आहे, दार लागत नाही, नळाला पाणी नाही, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी नंतर भांडता येणार नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात. पण पीओपीच्या वर लपलेल्या गंजक्या सळया सामान्य माणसाला कशा दिसणार?

दुसरा आधार १८७२ च्या करार कायद्याचा. खोटे आहे हे माहीत असून ते खरे म्हणून सांगणे, किंवा माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे, याला कलम १७ फसवणूक म्हणते. खरे समजून सांगितले पण ते चुकीचे निघाले, तर ते कलम १८ खाली चुकीचे निवेदन. दोन्हींत घेणाऱ्याची संमती खरी राहत नाही आणि कलम १९ प्रमाणे तो करार रद्द ठरवून मागू शकतो. रद्द करायचा नसेल तर करार कायम ठेवून, सांगितलेले खरे असते तर मी ज्या स्थितीत असतो त्या स्थितीत मला आणा, अशीही मागणी करू शकतो.

विकणारा इथे एक बचाव नेहमी घेतो: "यांनी सोसायटीत विचारले असते तर कळले असते." नुसत्या गप्प राहण्याच्या किंवा नकळत चुकीचे सांगण्याच्या प्रकरणात या बचावाला वजन आहे, कारण घेणाऱ्याला साध्या चौकशीने सत्य कळू शकत होते का, हे कायदा पाहतो. पण जिथे विचारल्यावर सरळ खोटे उत्तर दिले किंवा दोष झाकून ठेवला, तिथे तो बचाव लंगडा पडतो. म्हणून या भगिनींजवळचा तो व्हॉट्सअ‍ॅप निरोप आणि सभेच्या हजेरीवरची सही, हे दोन कागद सोन्यासारखे आहेत. निरोपात दावा आहे. सहीवरून दिसते की खरी स्थिती त्याला माहीत होती.

आपल्या फिकहमध्येही ही गोष्ट नवी नाही. विकलेल्या वस्तूत आधीपासून असलेला आणि घेणाऱ्याला न सांगितलेला ऐब निघाला तर व्यवहार परत फिरवण्याचा जो हक्क घेणाऱ्याला मिळतो, त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. कोकणातल्या शाफई घरांना आणि घाटावरच्या हनफी घरांना बारकाव्यात फरक सापडेल, ते आपापल्या आलिमांना विचारावे. पण एक मुद्दा नीट लक्षात ठेवावा: ऐब कळल्यावरही माणूस ती वस्तू राजीखुशीने आपली म्हणून वापरत राहिला तर त्याचा परत करण्याचा हक्क जातो. न्यायालयही जवळजवळ तसेच पाहते. दोष कळल्यानंतर घेणाऱ्याने बोलून किंवा वागण्यातून व्यवहार मान्य केला असेल तर तो रद्द करायला न्यायालय नकार देऊ शकते.

म्हणजे 'बघू पुढच्या पावसाळ्यात' म्हणत बसणे दोन्हीकडून नुकसानीचे.

समोर असलेल्या वाटा

पहिली वाट, व्यवहार रद्द करून पैसे परत मागणे. नोंदवलेले खरेदीखत तोंडी किंवा साध्या कागदावर रद्द होत नाही. विकणारा राजी असेल तर पुन्हा नोंदणीकृत दस्त करावा लागतो, राजी नसेल तर दिवाणी न्यायालयात दावा. खरी गोष्ट कळल्यापासून ३ वर्षांच्या आत तो दाखल झाला पाहिजे. ही वाट लांब आहे, आणि यात घरही परत द्यावे लागते. घर राहण्याजोगेच नसेल, किंवा मालकी हक्कातच खोट असेल, तर ही वाट योग्य.

दुसरी वाट, घर ठेवून नुकसानभरपाई मागणे. घराची जागा चांगली आहे, मुलांची शाळा जवळ आहे, फक्त दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याने लपवला, अशा वेळी ही वाट बरी. मागणी मोजकी आणि कागदावर दाखवता येण्यासारखी असते: सोसायटीचा हिस्सा इतका, आतल्या स्लॅबची दुरुस्ती इतकी, दुरुस्तीच्या काळात दुसरीकडे राहायचे भाडे इतके. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मला हीच वाट अधिक जवळची दिसते. मात्र इंजिनिअरने इमारत राहण्यास धोकादायक ठरवली तर विचार बदलावा लागेल.

तिसरी वाट, तडजोड. वकिलाची नोटीस गेल्यावर बरेच विकणारे बोलायला तयार होतात. जमातीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मध्ये बसून तोडगा काढला तर उत्तमच. पण दोन गोष्टी पाळाव्यात. ठरलेले लिहून घ्यावे, त्यावर दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम बँकेतूनच यावी. आणि हे विसरू नये की बैठका चालू आहेत म्हणून दाव्याची ३ वर्षांची मुदत थांबत नाही. 'आज देतो, ईदनंतर देतो' करत तीन वर्षे काढणारेही असतात. दावा दाखल झाल्यानंतरही लोकअदालतीत समझोता होऊ शकतो. तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बांधील असतो आणि त्यावर अपील नसते.

चौथी वाट, पोलीस तक्रार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला शिक्षा आहे. पण फसवण्याचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीपासून होता हे दाखवावे लागते, आणि पुष्कळदा पोलीस 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून परत पाठवतात. एकच घर दोघांना विकले, खोटे कागद बनवले, पाडकामाची नोटीस लपवली, अशा मामल्यात तक्रार जरूर करावी. गळतीच्या वादात केवळ धाक म्हणून पोलिसांकडे धावण्यात वेळ जातो. गुन्हा नोंद झाला म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दलालाचे काय? त्याने दलाली घेऊन सेवा दिली आहे. त्यालाही दोष माहीत होता आणि त्याने तो लपवला असे दाखवता आले, तर सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी दलाली दिल्याचा पुरावा हवा. इथेच आपण फसतो, कारण दलाली रोख दिलेली असते आणि पावती मागितलेली नसते.

पहिल्या पंधरा दिवसांत काय करावे

दोष दिसला की घाबरून लगेच गवंडी बोलावू नका. पुरावा त्या पडलेल्या तुकड्यांतच असतो. आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असे. जीवाला धोका असेल तर अर्थातच खोली रिकामी करा आणि टेकू लावा, पण फोटो काढून मग. त्यानंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. त्यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात: दोष किती जुना आहे, आणि दुरुस्तीला अंदाजे किती खर्च येईल. 'दोष खरेदीच्या आधीचा आहे' हे एक वाक्य सगळ्या दाव्याचा कणा असते.

सोसायटीकडून ऑडिट अहवालाची आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत लेखी अर्ज करून मागा. सभासद झाल्यावर सभेचे इतिवृत्त पाहण्याचा आणि शुल्क भरून त्याची प्रत घेण्याचा हक्क १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने दिला आहे. सचिवाने तोंडी 'नाही' म्हटले तर अर्जाची पोच घेऊन ठेवा.

विकणाऱ्याशी झालेले निरोप, आवाजी संदेश, जाहिरातीचे फोटो काहीही पुसू नका, आणि ते ज्या फोनवर आले तो फोनही विकू नका. मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. दुसरीकडे राहायची सोय नाही म्हणून त्याच घरात राहावे लागत असेल तर तेही नोटिशीत लिहा, म्हणजे नंतर 'यांनी सगळे मान्य केले होते' असे कोणी म्हणू शकणार नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर पत्नी स्वतः अर्ज करू शकते. पती परदेशात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे, आणि ते भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे.

रोख दिलेले सहा लाख

पत्रातली एक ओळ वाचून मला फार वाईट वाटले. खरेदीखतात किंमत २२ लाख लिहिली आहे, ६ लाख रोख दिले. ही रीत इतकी रुळली आहे की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पण उद्या व्यवहार रद्द झाला तर न्यायालय कागदावरचे २२ लाख पाहील. बाकीचे सहा लाख दिले हे सिद्ध करणे फार अवघड, आणि ते सांगताना आपणही अडचणीत येतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. दागिने मोडून आलेला पैसा हलाल कमाईचा, बँकेतून देण्यासारखा. तो विकणाऱ्याच्या सोयीसाठी काळा का करायचा?

याला जोडून आणखी एक गोष्ट. कर्ज न घेता घर घेणाऱ्या कुटुंबाने स्वतःची तपासणी दुप्पट करावी. कर्ज देणारी बँक निदान मालकी हक्काचा शोध घेते, मूल्यांकनासाठी माणूस पाठवते. आपण व्याज टाळले हे चांगलेच, पण त्याबरोबर ती चाळणीही गेली. पाच-दहा हजार रुपये वकिलाच्या शोध अहवालावर आणि इंजिनिअरच्या भेटीवर खर्च करायला आपण कुरकुरतो, आणि अठ्ठावीस लाख एका मुलाखतीत देऊन टाकतो.

बिल्डरकडून घेतले असेल तर

इथे कायदा बराच कडक आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर ३० दिवसांच्या आत त्याने तो एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. केला नाही तर भरपाई. कलम १२ प्रमाणे जाहिरातीत किंवा नमुना फ्लॅटमध्ये दाखवले ते प्रत्यक्षात नसेल आणि त्यामुळे नुकसान झाले, तर भरपाई मागता येते, किंवा प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. (त्या व्याजाचे काय करायचे, हा प्रश्न पुष्कळजणी विचारतात. तो मसला आलिमांना विचारावा. मूळ रक्कम आणि खरे नुकसान मागण्यात मात्र संकोच नको.) आणि नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. नव्या इमारतीतला फ्लॅट आपण पहिल्या मालकाकडून विकत घेतला, आणि ताब्याला ५ वर्षे व्हायची आहेत, तर दुसरा खरेदीदार म्हणून आपल्यालाही बिल्डरकडे ती दुरुस्ती मागता येते. कायद्यातल्या खरेदीदाराच्या व्याख्येत नंतर घेणाराही येतो. म्हणून असे घर घेताना पहिल्या मालकाचे ताबापत्र जरूर मागून घ्या.

घेण्याआधी

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७० हून अधिक माणसे गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत पडली, तिचे वय दहा वर्षांच्या आतले होते. आपल्याच वस्त्यांतली ही नावे आठवली की कळते, घराचा ऐब फक्त पैशांचा मामला नसतो. म्हणून विसार देण्याआधी एवढे पाहाच.

भोगवटा प्रमाणपत्र आहे का? नगरपालिकेची किंवा महापालिकेची नोटीस आली आहे का? आपल्याकडे इमारतींची 'सी-१' ते 'सी-३' अशी वर्गवारी करतात, आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. तेव्हा 'ऑडिट झाले आहे का' असे विचारू नका. 'शेवटचा अहवाल दाखवा' म्हणा.

घर दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा पावसात. एका कोपऱ्यालाच नवा रंग का, कपाट भिंतीला इतके चिकटवून का ठेवले, स्वयंपाकघरातच पीओपी का, हे विचारा. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सलाम करून पाच मिनिटे बोला, त्यांच्या छताला ओल येते का ते विचारा. बायका बायकांना जे सांगतात ते दलाल कधीच सांगत नाही. परदेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर घर पाहून हो म्हणू नये. घरातल्या बाईमाणसाने ते प्रत्यक्ष पाहिलेले असावे आणि तिचे मत विचारले जावे.

नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घर 'आपले' होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखतच हवे. खरेदीखतात एक ठरावीक वाक्य असते: 'खरेदी घेणार यांनी मिळकत पाहून, तपासून, समाधान झाल्यावर घेतली आहे.' या वाक्याने विकणाऱ्याची लबाडी धुऊन निघत नाही, पण आपले काम अवघड होते. म्हणून त्याच्याच खाली आणखी एक परिच्छेद घालायला सांगा: घरात किंवा इमारतीत गळती, स्ट्रक्चरल दोष, सरकारी नोटीस, मंजूर झालेला दुरुस्तीचा हिस्सा किंवा थकबाकी नाही असे विकणारा सांगत आहे, आणि खोटे निघाल्यास तो भरपाई देईल. ज्याच्या मनात काही नाही तो ही सही दोन मिनिटांत करतो. जो आढेवेढे घेतो, त्याने आपले उत्तर दिलेले असते.

आता विकणाऱ्यांसाठी

हे सदर वाचणारे सगळेच घर घेणारे नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी, मोठ्या घरासाठी, वारसांत वाटणी करण्यासाठी आपणही कधी ना कधी घर विकतो. तेव्हा रंगारी बोलावून ओलीच्या डागावर हात फिरवायला सांगणारे आपल्यातच असतात. दलाल म्हणतो, "भाभी, एवढे कोण सांगतं!" आणि आपण गप्प बसतो. खरेदी-विक्रीत खरे बोलले आणि ऐब उघड केला तर त्या सौद्यात बरकत, लपवला आणि खोटे बोलले तर बरकत गेली, हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या हदीसचा मतलब लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. तो घराच्या सौद्यालाही लागू आहे.

ऐब सांगितला की किंमत थोडी उतरते, हे खरे. पण तो खरेदीखतात लिहून दिला की नंतर त्यावरून कोणी आपल्याला कोर्टात ओढू शकत नाही. साडेतीन लाखांचा हिस्सा भरायचा आहे हे सांगून तेवढी रक्कम किमतीतून वळती केली असती, तर त्या विकणाऱ्याचे कागदावर तेवढेच नुकसान झाले असते जेवढे आज त्याच्याकडून मागितले जाणार आहे. वर वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे वाचले असते. ज्या घरात तो आज राहतो, त्या घराचे पैसेही साफ राहिले असते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना इतकेच सांगते: याच आठवड्यात इंजिनिअरचा अहवाल आणि सोसायटीच्या इतिवृत्ताची प्रत घ्या, आणि पुढच्या आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाताना खरेदीखत, इंडेक्स टू, बँकेचे पासबुक आणि तो व्हॉट्सअ‍ॅप निरोप असलेला फोन बरोबर न्या. अल्लाह आपला मार्ग सोपा करो.

पुढच्या महिन्यात घर भाड्याने देताना आणि घेताना करायच्या कराराविषयी बोलू, इन्शाअल्लाह. तोपर्यंत, वस्सलाम.